आणि ड्रमवर आपले हे

मी ड्रम बोलतोय. दचकू नका, कुणी पाय मारलेला नाही, स्वतःहून बोलतोय. जन्मभर दुसऱ्याच्या लाथेवर बोललो, म्हटलं एकदा आपल्या मनानं बोलून बघावं.

ड्रम म्हणजे पाणी भरायचा नव्हे हं. ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या मागे जो मोठा गोल कडेवर उभा असतो, ज्याला पायानं टोले देतात आणि ज्याच्या तोंडावर पार्टीचं नाव रंगवलेलं असतं, तो मी. माझ्या तोंडावर नाव होतं 'द गोदा थंडर्स'. आता नावही नाही आणि तोंडही नाही. नाशकात, द्वारका चौकाजवळच्या एका वसाहतीत, मोतीराम पगाऱ्याच्या ओट्यावर मी आ वासून उभा असतो आणि त्याची बायको लताबाई माझ्या पोटात कांदे ठेवते. कांदे चांगले टिकतात म्हणे. माझ्याकडून कुणाचं तरी काहीतरी टिकलं, हे ऐकून बरं वाटतं.

माझा जन्म बहात्तर सालचा, म्हणजे दुष्काळातला. पाण्याची टंचाई होती, हौसेची नव्हती. मोतीराम ओझरला विमानाच्या कारखान्यात पत्र्याच्या कामावर होता. द्वारकेच्या भंगारवाल्याकडून त्यानं अॅल्युमिनियमचा एक पत्रा आणला आणि सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून त्याला गोल केलं. सुताराकडून लाकडी कडी आणली. भद्रकालीत तबले-ढोलकी मढवणारा एक म्हातारा होता, त्यानं दोन्ही बाजूंना बोकडाचं कातडं ताणलं. पायाचं पॅडल मोतीरामनं जुन्या सायकलच्या चेनवर बसवलं. अशी माझी जात. विमान, बोकड आणि सायकल यांचा संकर.

मोतीरामचा हात मुळात ढोलकीचा. वसाहतीतल्या भीमगीतांच्या पार्टीत तो पोरवयापासून वाजवायचा. ठेंगणा, अबोल माणूस. बोलायचं ते हातांनी, आणि मी आल्यावर पायानंही.

बोलायचं खातं होतं त्याच्या साडूकडे. देवराम गांगुर्डे, लताबाईच्या थोरल्या बहिणीचा, सिंधुबाईचा नवरा. कचेरीत कारकून, उंच, देखणा, आणि कानांवरून खाली आलेले केस. साहेबानं केस कापायला सांगितले तेव्हा रजेचा अर्ज दिला असा माणूस. रेडिओवर इंग्रजी गाणी ऐकून ऐकून त्यानं गिटार शिकली. गाण्यांचे शब्द त्याला कळत नसत. ऐकणाऱ्यांनाही कळत नसत, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती. 'आपण बीट ग्रुप काढायचा,' असं देवराम म्हणाला आणि मोतीरामनं मान हलवली. साडू म्हणण्यापुरते, एरवी सख्ख्या भावांच्या वर. दोघांच्या खोल्या शेजारी, भिंत एक.

बेस गिटारवर आला केरू. हा धंद्यानं टेलर. त्याच्या गिटारला चार तारा होत्या, त्यातल्या दोन तो वाजवी आणि दोन शोभेला ठेवी. अकॉर्डियनवर निवृत्ती मास्तर. हे शाळेत मास्तर नव्हते, पण अकॉर्डियन वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून मास्तर.

पहिली तालीम देवरामच्या खोलीत झाली. मोतीरामनं माझ्यावर पहिला टोला मारला आणि मी असा काही बोललो की फळीवरच्या कपबशा नाचल्या, पलीकडच्या आक्काबाईचं दूध उतू गेलं आणि देवरामची सहा वर्षांची सुजाता भोकाड पसरून रडली. तालीम बंद पडायची वेळ आली. तेव्हा सिंधुबाईनं उपाय काढला. सुजाताच्या पाळण्यातली एक गोधडी होती, दोघी बहिणींनी आपापल्या जुन्या लुगड्यांची मिळून शिवलेली. माझं पुढचं कातडं कड्यासकट काढायला लावून तिनं ती माझ्या पोटात सारली आणि म्हणाली, "आता वाजवा."

मोतीरामनं वाजवलं. माझा 'धडाम' गेला आणि 'धुम्म' आला. गोल, मऊ, छातीला लागणारा. पुढे माझ्या आवाजाचं श्रेय पुष्कळांनी घेतलं. मोतीराम म्हणे हात माझा, निवृत्ती मास्तर म्हणत कान माझे, आणि देवरामचं म्हणणं की पार्टीचं नाव मोठं म्हणून ड्रम चांगला वाजतो. गोधडीचं नाव कधी कुणी घेतलं नाही. सुजाता मात्र तालमीत माझ्या कुशीला टेकून झोपायला लागली. मोतीरामला मूलबाळ नव्हतं. ती झोपली की तो पाय हळू टाकायचा.

पहिला कार्यक्रम भीमजयंतीला, वसाहतीच्या मंडपात. पेंटरनं माझ्या तोंडावर लाल-पिवळ्या ज्वाळांत नाव रंगवलेलं. देवरामनं माइक हातात घेतला आणि ओळख करून दिली.

"अकॉर्डियनवर निवृत्ती मास्तर! बेस गिटारवर केरू टेलर! गिटारवर आणि आपल्या सेवेला गायक, मी स्वतः, देवराम गांगुर्डे! आणि ड्रमवर…"

इथं त्यानं मागे वळून पाहिलं. मी एवढा थोरला आणि मोतीराम एवढा ठेंगणा, त्यामुळे माझ्यावरून त्याचा फक्त भांग दिसत होता. देवरामनं हात हलवला आणि म्हणाला, "आपले हे."

मंडप हसला. बायका तर पदर तोंडाला लावून हसल्या. आजवर 'हे' म्हणायचा हक्क लताबाईचा होता. दुसऱ्या दिवशी नळावर तिला सगळ्या विचारत होत्या, "काय गं, घरी तुझे हे आणि मंडपात त्यांचे हे, कसं भागवता?"

देवरामच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याच्या लेखी मोतीराम घरचा माणूस. परक्याचं नाव घ्यायचं असतं, घरच्या माणसाचं काय नाव घ्यायचं? पण मोतीरामचा पाय माझ्या पॅडलवर होता, तो त्यानं काढून घेतला, तेव्हाच मला कळलं. त्यानं तोंडानं बोलायचं ना! नाही. 'त्याला समजायला पाहिजे,' असं धरून बसला. न सांगता समजायला पाहिजे, असं धरून बसलेल्या माणसांइतकं मला जगात दुसऱ्या कशाचं भय वाटत नाही.

बोलला नाही, पण त्यानं एक युक्ती काढली. पुढच्या कार्यक्रमापासून देवरामनं "आणि ड्रमवर" म्हटलं रे म्हटलं, की मोतीराम माझ्यावर टोला हाणायचा. 'आपले हे' त्या दणक्यात बुडून जायचं आणि तिथूनच गाणं सुरू व्हायचं. लोकांना वाटलं काय झोकात सुरुवात आहे! देवरामलाही वाटलं. तीच पार्टीची पद्धत पडली. वर्षानुवर्षं, मंडप कुठलाही असो, 'ड्रमवर' हा शब्द कानावर पडला की मोतीरामचा पाय आपोआप खाली. त्यात मन नसे, विचार नसे. पाय जणू मोतीरामचा नव्हताच, पद्धतीचा होता.

पार्टी चांगली चालली. लग्नं, जयंत्या, गणपती, शाळांची गॅदरिंगं. पहिली दोन गाणी इंग्रजी व्हायची, मग पब्लिक ओरडायचं आणि देवराम नाइलाजानं हिंदीवर यायचा. केरूनं सगळ्यांना लाल सॅटिनचे शर्ट शिवले. आणि जसजसं नाव झालं, तसतसे रुसवे वाढले. निवृत्ती मास्तरांना वाटे अकॉर्डियनला मान नाही. केरूला वाटे आपल्याला उजेडात उभं करत नाहीत. देवरामला वाटे हे सगळे आपल्या जिवावर जगतात. माणसांचं गणित मला कधी उमगलं नाही. चौघं मिळून एक आवाज काढतात, आणि उतरल्यावर प्रत्येकाला तो एकट्याचा वाटतो.

फुटलं ते वणीला, गडावरच्या जत्रेत. देवरामच्या लाडक्या गाण्याआधी मोतीरामनं एकट्यानं ड्रम वाजवायला घेतला. तशी पद्धत मोठ्या पार्ट्यांत असते असं त्यानं ऐकलं होतं. थोडा वेळ लोक खुश होते. मग ते भेळ खायला गेले. भेळ खाऊन परत आले तरी मोतीराम वाजवतच होता. सगळी साठलेली वर्षं त्या पायात उतरली होती. देवराम माइक धरून तिष्ठत उभा. शेवटी त्यानं माइक बंद आहे असं समजून म्हटलं, "आवरा या येड्याला कुणीतरी."

माइक चालू होता. पार मिठाईच्या दुकानांपर्यंत आवाज गेला.

मोतीराम उठला. त्यानं मला उचललं, एसटी स्टँडवर आणलं आणि टपावर चढवलं. घाटातून उतरताना मी दोरीला धरून कसा आलो, माझं मला ठाऊक.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगतो. बँड असो की ऑर्केस्ट्रा, ज्याच्या घरी नावाचा मोठा ड्रम, त्याची पार्टी. बाकीचे वाजवणारे येतात-जातात. त्यामुळे मी मोतीरामच्या घरी गेलो, म्हणजे कायद्यानं 'गोदा थंडर्स' मोतीरामच्या घरी गेली. देवरामला हे कसं पटावं? नाव त्यानं ठेवलेलं, केस त्यानं वाढवलेले. त्यानं बाजारातून दुसरा ड्रम आणला, त्यावर 'ओरिजिनल गोदा थंडर्स' असं रंगवलं आणि खाली एक ओळ टाकली, 'आमची कुठेही शाखा नाही'. शाखा भिंतीपलीकडे राहत होती.

मग जी काही ये-जा सुरू झाली, ती सांगताना मलाच चक्कर येते. निवृत्ती मास्तर आधी देवरामकडे गेले. तिथं मान मिळेना म्हणून आमच्याकडे आले. आमच्याकडे मान मिळाला, पण जागा कोपऱ्यातली मिळाली, म्हणून परत गेले. शेवटी त्यांनी स्वतःची पार्टी काढली, जिच्यात ते एकटेच होते. केरूनं असला वेडेपणा केला नाही. त्यानं मोतीरामच्या पार्टीसाठी निळे शर्ट शिवले आणि दोन्हीकडे वाजवू लागला. लालच्या आत निळा घालून जायचा. लाल कार्यक्रम संपला की रिक्षात वरचा शर्ट काढायचा. एकदा घाईत बटणं चुकली आणि देवरामच्या मंडपात त्याच्या गळ्याशी निळं दिसलं. देवराम संतापून म्हणाला, "केरू, तू नक्की कुणाचा?" केरू म्हणाला, "मी कपड्याचा. ज्याचा अंगावर, त्याचा." त्या सबंध भांडणात खरं बोललेला हा एकच माणूस.

दोघी बहिणींनी या युद्धात भाग घेतला नाही. त्या रोज एकत्र बाजारात जात, एकमेकींच्या घरची चटणी-भाकरी करत. फक्त नवऱ्यांसमोर एकमेकींशी बोलायचं नाही, एवढी दोघांच्या समाधानासाठी काळजी घेत.

पुढे एका जयंतीला कमाल झाली. दोन्ही पार्ट्या एकाच मंडपात, एकाच वेळी हजर. दोघांचं म्हणणं, 'गोदा थंडर्सला बोलावलंय, आणि ती आम्ही.' हमरीतुमरी झाली. शेवटी वसाहतीतले वडीलधारे धोंडीराम गुरुजी मध्ये पडले. गुरुजींनी आयुष्यात बऱ्याच भाऊबंदांच्या वाटण्या करून दिल्या होत्या. घरं वाटली, बैल वाटले, एकदा तर विहिरीचे वार वाटून दिले होते. पार्टी मात्र कधी वाटली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, मला चहूबाजूंनी पाहिलं आणि निकाल दिला.

"नाव देवरामनं ठेवलं. ड्रम मोतीरामनं घडवला. तर नाव देवरामला, आवाज मोतीरामला."

लोकांनी माना डोलावल्या. केवढा न्याय! नाव देवरामला द्यायचं म्हणजे माझं पुढचं कातडं त्याला द्यायचं. कडं मोतीरामनं आणलेलं, म्हणून कडं त्याचंच राहणार. तेव्हा कातडं कड्यावरून कापून काढायचं ठरलं. केरूला बोलावलं. त्यानं टेलरच्या खडूनं माझ्या तोंडावर रेघ आखली, दोरा दातांत धरला आणि कपड्याच्या कात्रीनं मला कापलं. ज्यानं दोन्हीकडे वाजवलं, त्याच्याच हातून दोन तुकडे झाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी रोज खात होतो. पण तोंडच काढून नेणं ही तऱ्हा नवी होती.

देवरामनं ते कातडं आपल्या ड्रमवर चढवायला घेतलं. त्याचा ड्रम माझ्याहून लहान. मग कडेनं आणखी कापावं लागलं. पुढची आणि मागची अक्षरं गेली आणि उरलं 'गोदा थंड'. देवराम म्हणाला, लोकांना कळतं. लोकांना खरंच कळलं. त्याचे कार्यक्रम हळूहळू थंड झाले, कारण त्या बाजारू ड्रममधून पत्र्याच्या डब्यासारखा आवाज यायचा.

इकडे मोतीरामनं मला नवीन तोंड बसवायला नकार दिला. "लोकांना दिसू दे, कुणी कापलं ते," म्हणाला. मी तसाच उघड्या तोंडानं कार्यक्रमाला जायचो, पोटातली गोधडी दोरीनं बांधून. आवाज होता, पण पार्टीला नाव नव्हतं. बोलावणारे विचारत, "पार्टी कोणती म्हणायची?" मोतीराम म्हणे, "विचारू नका." मग ते विचारत नसत आणि बोलावतही नसत.

त्यात कॅसेटा आल्या. लग्नात टेप लावला की काम भागू लागलं. टेपला रुसवा नाही, टेपला शर्ट शिवावा लागत नाही. दोन्ही पार्ट्यांना कुणी विचारेना. तरीही 'खरी गोदा थंडर्स कुणाची' यावर दोघंही तितक्याच ईर्षेनं भांडत होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. मी ओट्यावर आलो. कांद्यांची वेळ अजून आली नव्हती, लताबाई तेव्हा माझ्यावर पापड वाळत घालायची.

सत्याऐंशी साली सुजाताचं लग्न ठरलं. माझ्या कुशीत झोपणारी पोर आता शाळेत बाई झाली होती. मोतीरामनं तिला सायकल शिकवली होती, ओझरला कुंपणापाशी उभं राहून विमानं दाखवली होती. देवरामशी अबोला धरला त्याही वर्षांत तो तिच्या परीक्षेच्या दिवशी मागच्या गल्लीतून जाऊन तिच्या हातावर दही घालून यायचा. आणि आता तो म्हणत होता की त्या मंडपात मी पाऊल ठेवणार नाही.

सुजाता आली आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसली.

"काका, तुम्ही नाय आलात तर हॉलमध्ये टेप लावणार आहेत."

"लावू दे की. टेप चांगला असतो."

"मला टेप नको. मला तुमची पार्टी पाहिजे. सगळी, आबांसकट."

मोतीराम पापड उलटत बसला. पापड सगळे उलटून झाले, आणि मग जन्मात पहिल्यांदा त्यानं ते तोंडानं सांगितलं.

"सुजा, तुझ्या बापानं मला माइकवर कधी नाव दिलं नाही गं. सगळ्यांची नावं घेतो, आणि मी 'आपले हे'. मला आईबापानं नाव ठेवलंय की."

सुजाता म्हणाली, "एवढंच?"

"तुला एवढं वाटतं."

ती गेली आणि थोड्या वेळानं परत आली. लताबाईला सांगत होती, मी ऐकत होतो. देवरामला तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणे खुर्चीतून उठलाच. मग म्हणाला, "आगं, मग बोलायचं ना त्यानं! मला वाटलं त्याला माझा आवाज नको झालाय." आणि डोळे पुसून तो म्हणाला, "सांग त्याला. तुझ्या लग्नात, माइकवर, भर हॉलमध्ये त्याचं नाव घेणार. पूर्ण घेणार, बापाच्या नावासकट."

मोतीरामनं ते ऐकलं. आणि त्या दिवसापासून त्यानं माझ्या चेनला रोज तेल घातलं. माझा पत्रा राखेनं घासला. कारखान्यातून आला की पॅडलवर पाय ठेवून नुसता बसायचा. म्हातारपणाकडे झुकलेला हा माणूस नवरदेवासारखा दिवस मोजत होता आणि कशासाठी, तर स्वतःचं नाव स्वतःच्या कानांनी ऐकण्यासाठी. मला हसू येत होतं, आणि भरूनही येत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सिंधुबाई आणि लताबाई दोघी आल्या. सुजाताच्या रुखवतात काय ठेवायचं याची चर्चा चालली होती, आणि सुजातानं मागून घेतली होती ती एकच वस्तू. दोघींनी माझ्या पोटातली दोरी सोडली, गोधडी बाहेर काढली, झटकली. सिंधुबाई म्हणाली, "हा तुकडा माझ्या लुगड्याचा गं." लताबाई म्हणाली, "आणि हा माझा." दोघी त्या गोधडीत तोंड घालून रडल्या आणि ती घेऊन गेल्या. मोतीरामला सांगायचं मात्र दोघींनाही सुचलं नाही. तो कामावर होता. मी सांगू शकलो असतो, पण मला पायाशिवाय बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, वधूवरांवर फुलं पडली. मग स्टेजवर आम्ही. केरू आदल्या दिवशी दोन्ही घरी विचारून आला होता, कोणता शर्ट घालू म्हणून, आणि उत्तर न मिळाल्यानं पांढरा घालून आला. निवृत्ती मास्तरही आपली एकट्याची पार्टी बंद ठेवून आले. देवरामनं ते कापलेलं कातडं आणलं होतं. माझ्या तोंडाला आता ते पुरेना. चहूबाजूंनी सुतळी बांधून ते माझ्यापुढे लटकवलं, आणि नावाच्या नादात मोतीरामनं माझ्या पोटात डोकावलंच नाही. जेवत्या पंगतीही माना वळवून बघू लागल्या. सुजाता नवऱ्याशेजारी उभी, मांडीवर घ्यायच्या वयातल्या पोरीसारखी आमच्याकडे टक लावून.

देवरामनं माइक हातात घेतला. केस आता उरले नव्हते, पण मागे सारायची सवय राहिली होती.

"अकॉर्डियनवर निवृत्ती मास्तर. बेस गिटारवर केरू टेलर. गिटारवर मी." स्वतःचं नावसुद्धा त्यानं घेतलं नाही. मग तो मागे वळला. वाकून, माझ्यावरून डोकावून, त्यानं मोतीरामकडे नीट पाहिलं. मोतीरामचे डोळे भरलेले, मान पुढे, कान टवकारलेले.

"आणि ड्रमवर…"

पाय पडला.

पंधरा वर्षांची सवय, ती कुणाला विचारून थोडीच थांबते? 'ड्रमवर' म्हटलं आणि पाय खाली. आणि माझ्या पोटात गोधडी नव्हती. मी बोललो तो तालमीच्या पहिल्या दिवशीसारखा, धडाम! पंगतीत ताटं वाजली. सुतळ्या तुटल्या आणि 'गोदा थंड' खाली पडलं. केरूला वाटलं गाणं सुरू, त्यानं तार छेडली. मास्तरांनी भाता उघडला. आणि त्या गदारोळात देवराम माइकवर ओठ टेकवून, गळ्याच्या शिरा ताणून, ते नाव घेत होता.

गाणं झालं. सगळे म्हणाले, इतकं झकास कधी वाजवलं नव्हतंत. आणि मोतीराम उठून देवरामसमोर उभा राहिला. "नाही घेतलंस," म्हणाला.

"घेतलं की रे!"

"मी ऐकलं नाही."

"तू वाजवलंस वरून!"

"म्हणजे आता माझीच चूक?"

सुजाता सासरी गेली, गोधडी गेली, पार्टी तिथंच संपली. त्याला आता तीन वर्षं होतील. पण तेव्हापासून देवराम रोज संध्याकाळी या ओट्यावर येतो. चहा होतो आणि मग सुरू. "घेतलं होतं." "नाही घेतलंस." मध्येच लताबाई वैतागून म्हणते, "दाजी, मग आत्ता घ्या की, हे इथंच बसलेत." देवराम घ्यायला तोंड उघडतो, तर मोतीराम हात वर करतो. "घरात नको. घरात घेऊन काय करू? माइकवर घे." आणि माइक कुठून आणायचा? आम्हाला आता कोण बोलावतं?

त्या दिवशी हॉलमध्ये ते नाव एकानंच ऐकलं. देवराम माझ्यावर वाकला होता, त्याचं तोंड माझ्या कडेशी होतं. साक्षीदार मी आहे आणि मला कुणी विचारत नाही. म्हणून आज कांदे पोटात घेऊन बोललो. तो म्हणाला होता, "ड्रमवर मोतीराम सखाराम पगारे, माझा भाऊ." साडू नव्हता म्हणाला. भाऊ म्हणाला होता.

तुमच्या घरी काही कार्य असलं, बारसं असो, वाढदिवस असो, तर या दोघांना बोलवा. माइक मात्र चांगला ठेवा. कांदे काढून माझ्या पोटात एखादी जुनी गोधडी घाला. आणि मोतीरामच्या शेजारी कुणीतरी बसा, आणि नाव घेऊन होईपर्यंत त्याचा पाय हातानं धरून ठेवा.